गटात फोटो घेऊन बसताना: भावनिक आरोग्याच्या कार्यशाळा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

गटाला फोटोंवरून बोलतं करण्याच्या या कामात यायचंय असं म्हणणारे पहिल्यांदा कॅमेऱ्याबद्दलच विचारतात. कोणता घ्यावा, लेन्स कोणती बरी. खरं तर सहभागींच्या हातातला मोबाइल पुरतो, आणि तुमच्या गळ्यात कॅमेरा नसलेलाच बरा. तो दिसला की लोक सावरून बसतात, पदर नीट होतात, कोणीतरी केसांवरून हात फिरवतं आणि पुढचा अर्धा तास तसाच जातो. पैसे घालायचेच असतील तर प्रिंटमध्ये घाला.

मी पुण्यात मुख्यतः घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या गटांबरोबर काम करते. कोणाच्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे, कोणाच्या भावाला स्किझोफ्रेनिया, कोणाचे वडील अंथरुणाला खिळलेले. "कसं वाटतंय?" असं विचारलं की ही मंडळी "ठीक, चाललंय" म्हणून मोकळी होतात. नातेवाइकांना, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना हेच सांगायची सवय झालेली असते. म्हणून तो प्रश्न आम्ही विचारतच नाही. मधे एक फोटो ठेवतो. स्वतःबद्दल बोलायला कचरणारा माणूस फोटोबद्दल बोलतो, आणि फोटोबद्दल बोलता बोलता कधी स्वतःवर येतो ते त्यालाही कळत नाही.

पहिल्या सत्रात कोणालाच फोटो काढायला लावू नका. तयार फोटो सतरंजीवर पसरा, पाचेक मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एक निवडायचा. फ्रान्समधल्या लियाँ शहरात 1965 साली अशा गटचर्चेसाठी फोटोसंच तयार झाले आणि ती पद्धत अजून टिकून आहे. आपला संच आपणच करावा. सूर्यास्त, गुलाब, हसरं बाळ हे काढून टाका. त्यांवर सगळे एकच छापील वाक्य बोलतात. अर्धवट उघडं दार, रिकामा एसटी स्टँड, खणून ठेवलेला रस्ता, दोरीवर वाळत घातलेला एकच मोजा, शिट्टी होण्याआधीचा कुकर असे फोटो ठेवा. ओळखू येणारे चेहरे नकोत. चार बाय सहाचे प्रिंट घ्या, पण मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि चष्मेवाल्यांना काहीच दिसत नाही. माणसांच्या तिप्पट-चौपट फोटो असावेत, म्हणजे शेवटच्यालाही उरलंसुरलं उचलावं लागत नाही.

दुसऱ्या सत्रापासून त्यांचे स्वतःचे फोटो. विषय जितका लहान तितकं बरं. "माझ्या भावना" हा विषय दिला की लोक आकाशाचे फोटो काढून आणतात. "घरातली अशी एक वस्तू, जिची जागा आजारपणामुळे बदलली" असं सांगितलं, तेव्हा एका गृहस्थांनी गॅसच्या शेगडीचा फोटो आणला. शेगडी स्वच्छ पुसलेली, मागे लायटर टांगलेला, पण बटणं नाहीत. नुसत्या दोन दांड्या बाहेर आलेल्या. आईला विसर पडतो, मध्यरात्री चहा करायला उठते, म्हणून ते बटणं काढून ठेवतात. एवढं सांगून ते थांबले. समोरच्या काकूंनी पर्स उघडली आणि आतून दोन काळी बटणं काढून दाखवली. सगळे हसले. इतके हसले की चहावाला दारातून डोकावून गेला. त्यानंतर ते गृहस्थ बराच वेळ बोलले. आपण आईला कोंडून घातलंय असं वाटतं, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. समुपदेशकासमोर एकट्याने बसून ते कदाचित बोललेही असते. पण काकूंच्या पर्समधली बटणं तिथे कुठून यायची? गट घ्यायचा तो यासाठी.

अशा वेळी आपण काय करायचं? शक्यतो काही नाही. नवख्यांना हेच सर्वात जड जातं. फोटो समोर आला की "वा, छान अँगल" असं तोंडातून निघतं, आणि पुढच्या माणसाला आपला फोटो त्याच्यापेक्षा वाईट वाटायला लागतो. प्रश्न मात्र हाताशी हवेत. 1990च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या खेड्यांमधल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. आपलं जगणं त्यांनीच टिपायचं आणि त्यांनीच त्यावर बोलायचं. या 'फोटोव्हॉइस' पद्धतीत वापरले जाणारे प्रश्न साधारण असे: इथे काय दिसतंय? खरं काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? शेवटचे दोन गावाच्या, धोरणाच्या प्रश्नांसाठी उत्तम. भावनिक गटात मी पहिल्या तिनांवर थांबते. थकलेल्या माणसाला "मग तुम्ही काय करणार?" असं विचारलं की तो सल्ला ऐकायच्या तयारीने बसतो, आणि गटात सल्ला देणाऱ्यांची कधीच कमतरता नसते.

फोटोचा अर्थ लावणं हाही मोह मोठा आहे. ह्यू डायमंड हे इंग्लंडमधले डॉक्टर 1850च्या दशकात सरे परगण्याच्या मनोरुग्णालयातल्या स्त्रियांचे फोटो काढत. चेहऱ्यावरून आजार वाचता येईल अशी त्यांची धारणा होती. ते शास्त्र मागे पडलं, सवय मात्र गेलेली नाही. रिकाम्या खुर्चीचा फोटो दिसला की आपण एकटेपणा गृहीत धरतो. फोटो आणणारी म्हणते, "ही परवाच घेतली, नवऱ्याला आवडली नाही."

मर्यादेचं स्पष्टच सांगते. व्हँकुव्हरच्या मानसतज्ज्ञ ज्युडी वाइझर यांनी समुपदेशनात फोटो वापरण्याच्या पाच पद्धती मांडल्या: स्वतः काढलेले, इतरांनी आपले काढलेले, आत्मचित्रं, घरचे अल्बम आणि फोटो पाहून मनात उमटणारे अर्थ. पण प्रशिक्षित थेरपिस्टने उपचारात फोटो वापरणं वेगळं आणि बरं वाटावं म्हणून गटाने फोटो काढणं वेगळं, हा फरकही त्या करतात. आपण दुसऱ्या प्रकारात आहोत. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर ते भागत नाही. म्हणून जाहिरातीत 'थेरपी' लिहू नका, सत्रात एक समुपदेशक सोबत ठेवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फळ्यावर आधीच लिहून ठेवा. अल्बमच्या सत्रात तर समुपदेशक हवाच. गेलेल्या माणसाचा फोटो कधी कोणाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

संमती तीन वेगवेगळ्या कागदांवर घ्या: सहभागाची, फोटो इतरांना दाखवण्याची, आणि फोटोत दुसरं कोणी असेल तर त्याची. उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24मध्येच आहे. संस्थेला वार्षिक अहवालासाठी चेहरे हवे असतात. त्यांना हे कलम नम्रपणे दाखवा. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फोटोत घराचं लोकेशन राहू शकतं. ते आधी काढून टाकायला शिकवा.

मानधन तुटपुंजं असतं, बहुतेक जण याच्या जोडीला दुसरं काम करतात. प्रिंटचा आणि प्रवासाचा खर्च संस्थेला द्यायच्या पत्रात वेगळा दाखवा, नाहीतर तो मानधनातूनच जातो. देणगीदार 'फरक किती पडला' असं विचारतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची डब्ल्यूएचओ-5 प्रश्नावली सोयीची आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण 0 ते 25. आधी आणि नंतर भरून घ्या, पण गुण वाढले म्हणून श्रेय सगळं कार्यशाळेला देऊ नका. त्याच काळात एखाद्याच्या घरी चांगली मदतनीस मिळालेली असते.

आधी एखाद्या अनुभवी व्यक्तीबरोबर सहायक म्हणून बसा. मग स्वतः करायचं असेल तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांना भेटा. 'सध्याच्या घरातला माझा आवडता कोपरा' असा हलका विषय, आठ-दहा जण, दीड तास. फक्त त्यांना फलकावर 'फोटोग्राफी स्पर्धा' लिहू देऊ नका. बक्षीस काय आणि परीक्षक कोण, याची चौकशी आदल्या दिवसापासून सुरू होते.