सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर आणि हिच: आधी गाडीचं गणित करा

अमेरिकेत सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचा असेल, तर ट्रेलर बघायला निघण्याआधी स्वतःच्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पौंड चालतील, ते छापलेलं असतं. हा पेलोड. 'अमुक हजार पौंड ओढते' हा जाहिरातीतला आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण कुटुंबासकट निघालेल्या एसयूव्हीत बहुतेकदा पेलोडच आधी संपतो.

कारण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागावर), म्हणजे गाडीच्याच अंगावर येतो. समजा पेलोड १,४०० पौंड आहे. चार माणसांचे ६०० गेले, डिकीतल्या सामानाचे १५०, हिचचे स्वतःचे १००. उरले ५५०. हिचवरचा भार १३ टक्के धरला, तर भरलेला ट्रेलर ४,२०० पौंडांच्या आसपासच हवा, मग गाडी ५,००० ओढत का असेना. हिचवरच्या भाराची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी दिलेली असते, तीही बघा.

विकणारा तुम्हाला 'ड्राय वेट' सांगेल. त्यात पाणी नाही, कपडे-भांडी नाहीत आणि बरेचदा बॅटरीही नाही. ४० गॅलनची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच ३३० पौंड होतात. म्हणून हिशोब ट्रेलरच्या स्टिकरवरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे सामानासकट चालणाऱ्या कमाल वजनावर करा.

ट्रेलर तपासताना

जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू पाणी. छताच्या कडा, खिडक्यांखालचा भाग आणि वरच्या कपाटांचे आतले कोपरे अंगठ्याने दाबून बघा. दाराजवळ आणि बाथरूमपाशी टाचेवर भार देऊन उभे राहा. जमीन दबली तर खालचं लाकूड कुजलंय. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीला डोळा लावून तिरपं पाहा. फुगवटे दिसले तर आतला थर सुटलाय. तो दुरुस्त करायला पुष्कळदा ट्रेलरच्या किमतीइतका खर्च येतो. असा ट्रेलर स्वस्तात मिळत असला तरी सोडून द्या. शिडी लावून छतही बघा: व्हेंटभोवतीच्या सीलंटला भेगा असतील तर गळती आज ना उद्या ठरलेली.

टायरवर डीओटी कोडचे (DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या) शेवटचे चार आकडे वाचा, त्यात टायर कधी बनला ते असतं. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, हे धरून भाव करा. उन्हात उभं राहूनच त्यांचं रबर जातं. फ्रीज गॅसवर चालणारा असेल तर आदल्या रात्रीच चालू ठेवायला सांगा, कारण तो थंड व्हायला तासन्‌तास लागतात. मागच्या बाजूला पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर फ्रीज गेलाच समजा. व्हीआयएन (ट्रेलरचा ओळख क्रमांक) आणि टायटल (मालकीचा कागद) जुळतंय का, त्यावर कर्ज बाकी आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

हिच निवडताना

गाडीखालच्या रिसीव्हरच्या (हिच खुपसायच्या चौकोनी नळीच्या) स्टिकरवर बरेचदा दोन आकडे असतात: साध्या बॉलसाठी एक, वेट डिस्ट्रिब्युशन हिचसाठी (भार पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या) दुसरा, मोठा. रिसीव्हर, बॉल माउंट (बॉल धरणारा दांडा), बॉल, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) यांतला सर्वांत कमी आकडा हीच तुमची मर्यादा. बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं, साधारण २ किंवा २ ५/१६ इंच. मोठ्या कपलरमध्ये २ इंची बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. म्हणून कपलर लॉक केल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक थोडं वर उचला. गाडीची मागची बाजूही सोबत उचलली गेली, तरच पकड पक्की.

बॉल माउंट घेण्याआधी ट्रेलर समतल उभा करून कपलरची जमिनीपासूनची उंची मोजा. रिसीव्हरच्या उंचीशी जो फरक निघेल, तेवढा ड्रॉप (खाली उतरणारा) किंवा राइज (वर चढणारा) बॉल माउंट लागतो.

मागे भार आला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे बार हा भार पुढे ढकलतात. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. समजा ३४ ची ३५ इंच झाली, तर बार ताणून ती निदान ३४.५ वर आणा. तुमच्या मॅन्युअलने वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐका. काही गाड्यांना ही हिच चालतच नाही.

ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला, तर सहसा हिचवरचा भार १० टक्क्यांपेक्षा कमी असतो. जड सामान एक्सलच्या पुढे हलवा. महागडा स्वे बार (डोलणं रोखणारा दांडा) हे त्यावर औषध नाही. चालत्या गाडीत असं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडीचा ब्रेक दाबू नका, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा हातातला लिव्हर हळूहळू दाबा. इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला हा कंट्रोलर आणि सात पिनांचा प्लग लागतोच. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या ओलांडून लावा. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची पिन ओढून ट्रेलरची चाकं जाम होतात का बघा आणि लगेच परत घाला.

पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. वाटेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (वाहनांचा वजनकाटा) दिसला, की सगळं सामान आणि माणसं आत असतानाच वजन करून घ्या. गाडीचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे हातात येतात, ते स्टिकरशी ताडून बघा.