चिकाना लेस्बियन नाटकाचं अभिवाचन: दोन भाषांची संहिता कशी बसवायची

चेरी मोरागा या चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, लेखिकेचं ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ (१९८६) हे नाटक वाचायला घेतलं की पहिली अडचण भाषेची. इंग्रजी वाक्य मध्येच स्पॅनिशमध्ये शिरतं. पात्रं तीन: मारिसा, तिचंच लहानपणचं रूप कॉर्की आणि मारिसाची प्रेयसी, मेक्सिकोत जन्मलेली, वयाने मोठी अमालिया. पात्रयादीत प्रेक्षकही आहेत, तेव्हा त्यांना उद्देशून असलेल्या ओळी आधीच वेगळ्या काढा.

मग स्पॅनिश शब्दांखाली रेघ मारा आणि समासात दोनच गोष्टी लिहा: हे कोणाला, आणि नेमकं इथेच का. सगळीकडे ‘आपुलकी’ असं उत्तर आलं तर काम चुकलं. कॉर्कीवर शाळेत बलात्कार करणारा माणूस तिच्याशी स्पॅनिशमध्येच बोलतो. त्यानंतर ही भाषा निव्वळ मायेची उरत नाही, अमालियाच्या तोंडीसुद्धा. म्हणून तालमीत ते पान सर्वांत आधी घ्या.

उच्चार मेक्सिकन हवेत. स्पेनच्या धड्यांवरून शिकलात तर ‘ग्रासिआस’चं (धन्यवाद) ‘ग्राथिआस’ होईल. ‘एच’ मुका, जोडून आलेल्या दोन ‘एल’चा ‘य’. तिघींची स्पॅनिशही एकसारखी ठेवू नका: अमालियाची मेक्सिकोतली, कॉर्कीची अमेरिकेतल्या रस्त्यावरची, पोरांची ऐट उचललेली.

हमखास होणारी चूक म्हणजे स्पॅनिश शब्दाआधी थांबणं. थांबलात की तो शब्द पाहुणा वाटतो. आधीचे चार-पाच शब्द आणि पुढचे चार-पाच एका श्वासात म्हणून घ्या. अशी मिसळ ही काही मोरागांची क्लृप्ती नव्हे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमजुरांच्या संपातून उभं राहिलेलं ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ हे नाट्यपथकही दोन्ही भाषांत खेळायचं, बाईवर प्रेम करणारी बाई मात्र त्या मंचावर नव्हती.

मराठी करायचं तर परवानगी घ्या, इंग्रजीचं मराठी करा, स्पॅनिश तशीच ठेवा. तिच्या जागी ग्रामीण बोली घातली की हशा पिकतो. हिंदी घातली तर सत्तेचं गणित उलटतं: तिथे स्पॅनिश दबलेली, इथे हिंदी वरचढ.

आणखी एक खास आपली अडचण. समलिंगी बाईसाठीची ‘होता’ (jota) ही स्पॅनिश शिवी चिकाना लेस्बियन लेखिकांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतली, पण मराठी कानाला ते क्रियापद वाटतं. वाक्याच्या शेवटी ती येऊ देऊ नका. ‘ला होता’ असं, ‘ला’ या स्त्रीलिंगी उपपदासकट म्हणा.