उताऱ्यातील मुख्य विचार शोधायला मुलांना कसे शिकवावे

पाचवी-सहावीच्या वर्गात उतारा वाचून झाल्यावर ‘यातील मुख्य विचार लिहा’ असे सांगितले, की बहुतेक वह्यांत दोनच प्रकारची उत्तरे सापडतात. एक तर उताऱ्याचे पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवलेले असते, नाही तर ‘खाजन शेती’ (खाडीकाठच्या सखल जमिनीतली शेती) असा नुसता विषय लिहिलेला असतो. विषय एका शब्दात सांगता येतो. मुख्य विचार म्हणजे त्या विषयाबद्दल लेखकाने केलेले विधान असल्यामुळे तो पूर्ण वाक्यातच सांगावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी वर्गाला एक साधा नियम घालून द्यावा: उत्तरात क्रियापद नसेल, तर ते उत्तर अजून अर्धेच आहे.

सरावासाठी मुलांच्या पाहण्यातला विषय घेऊन शिक्षकाने स्वतःच उतारा लिहावा. गोव्यातील वर्गासाठी पुढील उतारा फळ्यावर लिहिता येईल. (त्यातील ‘मानस’ म्हणजे बांधात पाण्याच्या वाटेवर बसवलेला दरवाजा.)

‘खाजन जमिनी भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा सखल असतात. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांच्याभोवती मातीचे बांध घातलेले असतात. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात येथे कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. मानशीपाशी जाळे लावून मासेही धरतात. बांध फुटला, तर खारे पाणी आत येऊन शेत नापीक होते.’

आता क्रमाने दोन प्रश्न विचारावेत. ‘हा उतारा कशाविषयी आहे?’ याचे उत्तर ‘खाजन शेती’ असे लगेच येते. ‘मग खाजन शेतीविषयी तो काय सांगतो?’ या दुसऱ्या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प होतो, आणि खरे शिकवणे तिथून सुरू होते. ही शांतता भरून काढण्याची घाई शिक्षकाने करू नये. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील मराठी शाळांत येणारी पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात, तेव्हा उत्तर आधी कोंकणीत सांगण्याची मोकळीक द्यावी. एखादा मुलगा सहज म्हणून जातो, ‘बांद मोडलो जाल्यार शेत गेलें.’ या एका वाक्यात उताऱ्याचा गाभा जवळजवळ आलेला असतो. तेच वाक्य हाताशी धरून वर्गाने मिळून मराठीत लिहावे: ‘खाजन शेती बांध आणि मानस शाबूत असेपर्यंतच टिकते.’ ग्रांथिक मराठीची अट सुरुवातीलाच घातली, तर मूल विचार करायचे सोडून शब्द जुळवत बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पडताळणी करावी; माझ्या दृष्टीने हा सगळ्यांत मोलाचा भाग आहे. फळ्यावरील प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारावे, ‘हे वाक्य आपल्या विधानाला काय देते?’ पहिले वाक्य बांधाची गरज का पडते ते सांगते, दुसरे आणि तिसरे रक्षणाची व्यवस्था दाखवतात, शेवटचे ती व्यवस्था मोडल्याचा परिणाम सांगते. कोरगुटाचे वाक्य त्या रक्षणामुळे काय पिकते ते सांगते. मासे धरण्याचे वाक्य मात्र कुठेच नीट बसत नाही, आणि नेमके तेच मुलांना सर्वांत जास्त आवडलेले असते! अशा वेळी ते वाक्य हाताने झाकून उतारा पुन्हा वाचून घ्यावा. उताऱ्याचा अर्थ ढळत नाही हे मुलांना स्वतःच दिसते. मग बांध फुटण्याचे वाक्य झाकून पाहावे, म्हणजे फरक कळतो. जाता जाता सांगितलेली गोष्ट खऱ्या लेखनात असतेच. तिला ओढूनताणून विधानात कोंबण्याची गरज नसते.

चुकीची विधाने मुद्दाम समोर ठेवल्यास समज आणखी पक्की होते. ‘गोव्यात शेती केली जाते’ हे विधान इतके मोठे आहे, की त्यात डोंगरउतारावरची काजूची बागही मावेल. ‘मानशीची दारे भरतीला मिटतात’ हे इतके लहान आहे, की उरलेली वाक्ये त्याच्या बाहेर पडतात. कोणते विधान सैल, कोणते तोकडे, हे मुलांनीच ठरवावे.

उतारे निवडताना माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. सलग अनेक उतारे असे दिले, की प्रत्येकाचा मुख्य विचार पहिल्याच वाक्यात होता. परिणामी वर्ग वाचन सोडून पहिली ओळ उतरवण्यात तरबेज झाला. म्हणून मुख्य विचार कधी शेवटी, कधी मध्ये, तर कधी वरच्या उताऱ्याप्रमाणे कोणत्याच वाक्यात थेट न सांगितलेला असावा. वर्तमानपत्रातील बातमीचा मथळा कापून मुलांना नवा मथळा द्यायला लावणे हा चांगला सराव आहे. परंतु बातमीत महत्त्वाचा मजकूर बहुधा आरंभीच येत असल्याने तो थोडा उशिराच घ्यावा. कवितेची मध्यवर्ती कल्पना हा वेगळा प्रांत आहे, तो या पाठांत मिसळू नये.

वही तपासताना केवळ विधानाला गुण देऊ नयेत. त्याखाली विधानाला आधार देणारी दोन वाक्ये आणि बाजूला ठेवता येईल असे एक वाक्य उताऱ्यातून लिहायला सांगावे, कारण शेजारच्या वहीतून विधान उचलता आले, तरी कोणते वाक्य का सोडले हे विचारल्यावर उत्तर स्वतःचेच द्यावे लागते.