जुना पाट कसा बघावा

आमचे आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं (कालव्याचं) पाणी सोडणारे होते, म्हणून जुने पाट बघायची ही सवय. आधी निफाडच्या पुढे नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवा संगमावरचा हा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. सगळे दुर्बिणी घेऊन पक्षी बघतात (ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ आहे), तुम्ही मात्र पाण्याकडे बघा. डावा आणि उजवा कालवा इथूनच कोपरगाव, राहात्याकडे निघतात. १९१६ च्या दारणा धरणातून सोडलेलं पाणी नदीनेच इथवर येतं. मधे वेगळा पाट नाही.

मग कालव्याच्या कडेने चाला. तो सरळ का जात नाही, हे पायांनी कळतं: उतार अगदी थोडा राखायचा, म्हणून तो जमिनीच्या उंचीला धरून वळसे घेतो. ओढा आडवा आला की थांबा, खाली मोरी शोधा. दगडी बांधकाम कुठलं आणि नंतरचं सिमेंट कुठलं, ते सांध्यांवरून ओळखा.

आवर्तन (ठरल्या पाळीने पाटात पाणी सोडणं) चालू असताना जा, कोरड्या पाटात काय बघणार? फक्त काठावर उतरू नका, शेवाळ फार निसरडं. एकदा माझी चप्पल थेट कोपरगावला गेली असणार.