जुन्या निगेटिव्हचे फोटो घरीच उतरवा

आईबाबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह कपाटात पडून असतील तर स्कॅनरवाचून अडू नका. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढणारी) आणि टॅबचा पडदा एवढ्यावर काम होतं.

पडद्यावर कोरं पांढरं चित्र लावा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा. निगेटिव्हची पट्टी मात्र काचेवर टेकवू नका. पुठ्ठ्यात 24 बाय 36 मिलिमीटरची खिडकी कापा आणि पट्टी दोन-तीन इंच वर धरून ठेवा. नाहीतर पडद्याच्या ठिपक्यांची जाळी फोटोत उतरते आणि मग काही केल्या जात नाही. पट्टी कडेनेच धरा. मंद दिसणाऱ्या बाजूवर इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर असतो, तिथे बोट लागू देऊ नका. वरून, कॅमेऱ्याच्या बाजूने, कडेचे आकडे सुलटे वाचता आले की बाजू बरोबर. धूळ ब्लोअरने (हवा मारणाऱ्या रबरी पंपाने) उडवा, तोंडाने फुंकर अजिबात नको.

वर लावलेला कॅमेरा पट्टीला समांतर आहे का, हे बघायला पट्टीच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध आलं की जमलं. कॅमेऱ्याची सेटिंग अशी: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) 8, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. खोलीतले दिवे बंद.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते. दोन फोटोंमधल्या कोऱ्या पट्टीवरून फोटो एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) घ्या, मगच कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधाराची रेष, उलटा करा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर त्या पट्ट्यांचा फिल्म बेस, म्हणजे खालचा प्लास्टिकचा थर, कुजायला लागलाय. त्या पट्ट्या सगळ्यांत आधी उतरवा, बाकीच्यांपासून लांब ठेवा.