घरच्या रेकॉर्डिंगमध्ये तान स्वच्छ ऐकू यायला ईक्यू आणि रिव्हर्ब कसे लावायचे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत भिंती दगडी, छत उंच, म्हणजे आवाज आधीच घुमतो आणि त्यावर लोक अजून भरभरून रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेली गुंज, ओततात, मग ग्वाल्हेर घराण्याची सपाट तान नुसती आऽऽ करत घरंगळते, एक स्वर सुटा कळत नाही. म्हणून आधी खोली बघा. गाणाऱ्याच्या मागे नि बाजूंना गोधड्या टांगा, माईक तोंडापासून वीतभर, आणि मे महिना असला तरी टेक होईपर्यंत कूलर बंद, ती घरघर नंतर ईक्यूने, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सी कमीजास्त करून, काढायला गेलं की गळा पण सोलून निघतो.

ईक्यू सगळे ट्रॅक एकत्र वाजत असताना करा, सोलोमध्ये, म्हणजे एकटाच ट्रॅक ऐकताना, भारी वाटणारा गळा पेटी आली की हमखास बुडतो. गळ्यावर पहिले हाय-पास, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर, पण सगळे १०० हर्ट्झ सांगतात म्हणून डोळे मिटून १०० नका लावू. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा पुरुष गायक असेल तर त्याचा सा साधारण १३९ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम १०४ वर, त्याखाली खर्जात उतरला की फिल्टर सरळ स्वरच खाणार, तिथे ७० च्या वर जाऊच नका. काळी पाचवाल्या ताई असतील तर १२० पण चालतं.

गिचमिड बहुतेक २५० ते ५०० मध्ये असते, गळा, पेटी, तानपुरा सगळे तिथेच दाटीवाटीने बसलेले. गळा वाढवण्याआधी पेटी तिथे ३ डीबी खाली घ्या, अर्धं काम झालं. मग गळ्याला ३ किलोहर्ट्झजवळ २ डीबी दिले की शब्द उघडतात, स-श टोचले तर मागे या. डग्ग्याला हाय-पास नको, घुमाराच जाईल.

रिव्हर्ब ट्रॅकवर न टाकता वेगळ्या बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चॅनेलवर ठेवा आणि प्रत्येक ट्रॅकचा हवा तेवढा आवाज सेंडने तिकडे पाठवा. डिके (गुंज विरायचा वेळ) दीड सेकंदाच्या आत, प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीची फट) ३० मिलिसेकंद, म्हणजे आधी स्वर आणि मग त्याची आस. त्या बसवरच ईक्यू लावून ३०० च्या खालचं नि ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. तबल्याला जरासा, तानपुऱ्याला मी तर देतच नाही. आलापीत जास्त रिव्हर्ब गोड लागतो, तेव्हा सेंड ऑटोमेट करा, म्हणजे गाण्यात कुठे किती ते आधीच आखून ठेवा, आणि द्रुत सुरू झाली की खाली आणा.

मग फोनच्या स्पीकरवर ऐकाच, डग्गा तिथे नाही आला तर सोडा, पण बंदिशीचे बोल कळलेच पाहिजेत, पुण्याची मावशी व्हॉट्सॲपवर फोनवरच ऐकणार आहे.