चायनीजच्या ठेल्यापासून थाई करीपर्यंत: काय बघायचं, काय विचारायचं, काय मागवायचं

आमच्याकडे आठवडी बाजार उठत आला की भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला चायनीजचा ठेला पेटतो. पेटतो असंच म्हणावं लागेल, कारण त्याच्या भट्टीचा आवाज बसस्टँडपर्यंत येतो. धानाच्या पट्ट्यातली माणसं आम्ही, दोन्ही वेळ भात खाणारी, त्यामुळे फ्राइड राइस आम्हाला परका वाटलाच नाही. गाडी अडते ती त्याच्या पुढे. भाचीच्या वाढदिवसाला कोणी नागपुरात थाई हॉटेलात नेलं, की मेनूकार्ड दोनदा उलटंसुलटं करायचं आणि शेवटी ‘व्हेज हाका नूडल्स’ सांगून मोकळं व्हायचं. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. सुरुवात ठेल्यापासूनच करू. बघायची आणि विचारायची सवय तिथे फुकटात लागते.

१. ठेल्यावर आधी उभं राहा, मग सांगा

पोचल्या पोचल्या ऑर्डर देऊ नका. पाच मिनिटं बाजूला उभं राहा आणि सगळ्यात आधी भाताकडे बघा. शिजवलेला भात गरम हवेत तासन्‌तास तसाच राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांनी सोडलेलं एक विष असं आहे की भात पुन्हा कडक परतला तरी ते जात नाही. म्हणजे कढईखालची आग बघून निर्धास्त व्हायचं नाही. भात दुपारी चारचा की आत्ताचा, हे महत्त्वाचं. सरळ विचारा, “भात कधीचा हाय जी?” ज्याने थोडा थोडा भात दोनदा लावलाय तो लगेच सांगतो. ज्याच्याकडे एकच मोठा टोप दुपारपासून उघडा आहे तो हसून विषय बदलतो. मी स्वतः मे महिन्यात रात्री नऊनंतर फ्राइड राइसच्या वाटेला जात नाही. संध्याकाळी साडेसहाला गेलं की भातही ताजा असतो, तेलही.

तेलाचं म्हणाल तर मंचुरियनचे गोळे दोनदा तळले जातात: एकदा दुपारी, अर्धे कच्चे, आणि दुसऱ्यांदा गिऱ्हाईक आल्यावर. दुसऱ्या तळणीच्या वेळी तेल काळपट दिसलं, वर फेस राहिला, किंवा गोळे टाकायच्या आधीच धूर निघत असला तर गोळे विसरा आणि नूडल्स घ्या.

मग रंग. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो आणि जरा विटकरी दिसतो. गुलाबीकडे झुकणारा, बोटाला लागला की साबणालाही न जुमानणारा लाल म्हणजे डबीतला रंग. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, ती उगाच नाही. “रंग नोका टाकू” एवढं आधी सांगितलं तर बहुतेक ठेलेवाले ऐकतात. चवीत काडीचा फरक पडत नाही.

घरात माळकरी असतील, श्रावण असेल किंवा नुसताच गुरुवार असेल, तर कढईचा प्रश्न येतो. आमच्या ठेल्यावरचा नेहमीचा संवाद असा:

“कढई येगळी हाय का?”

“धुऊन देतो ना जी.”

धुऊन देतो म्हणजे एक मग पाणी टाकून, झाडूच्या काड्यांनी दोन फेरे मारून, पाणी मागे फेकून देतो. चमचा, झारा आणि तळायचं तेल तेच. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फक्त शाकाहारी ठेला शोधावा. ठेलेवाल्याशी वाद घालून काही होत नाही, त्याच्याकडे खरंच एकच भट्टी असते.

अजिनोमोटोला लोक उगाच घाबरतात, असं माझं मत. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून ही चव देणारा ग्लुटामेट वेगळा काढला. तोच ग्लुटामेट पिकलेल्या भेदरात, म्हणजे टोमॅटोतही असतो. बीपीवाल्यांनी खरी धास्ती घ्यावी ती सोया सॉसची, कारण त्यात मीठ भरपूर असतं आणि वरून पुन्हा मीठ पडतं. “सोया कमी, वरचं मीठ नको” असं सांगायला लाजू नका.

बाकी हे खाणं चीनमध्ये शोधायला जाऊ नका. कलकत्त्यात वसलेल्या हाका चिनी लोकांनी आपल्या जिभेला जुळवून घेत त्याची सुरुवात केली. मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना देतात. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस टाकला, वर मक्याचं पीठ. शेजवानचंही तसंच. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या जेवणात जीभ बधिर करणारी एक मिरी असते, कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण. आपल्या शेजवान चटणीत तिचा पत्ता नाही, नुसती लाल मिरची आणि लसूण. सावजी पचवलेल्या माणसाला ती गोडच लागते.

मागवताना हाफ प्लेट सांगा आणि तिथेच उभ्याने खा. घरी न्यायचं असेल तर ग्रेव्ही वेगळ्या पिशवीत घ्या, नाहीतर गोळ्यांचा घरापर्यंत आलन-भाजीसारखा लगदा होतो.

२. मोमो खायचे तर एकदा गोठणगावला जा

मोमोचे ठेले आता तालुक्याच्या ठिकाणीही दिसतात. पण हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकायला बसणारे तिबेटी लोक कुठून येतात हे कितीकांना ठाऊक आहे? त्यातले काही इथलेच. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. नवेगावबांधला फिरायला गेलात तर वाट थोडी वाकडी करा. स्वेटरच्या हंगामात बरीच घरं कुलूपबंद असतात, म्हणून आधी कोणाकडून तरी चौकशी करून जा.

तिथे मोमोसोबत थुक्पा मागा. भाज्या किंवा मटणाच्या पातळ रश्शात नूडल्स, तर्री नाही, तेलाचा तवंग नाही. पहिल्या घोटाला फिकं वाटेल. बाजूला लाल चटणी असते, ती थोडी थोडी मिसळा, सगळी एकदम ओतू नका. मोमो अख्खा तोंडात टाकायचा नाही. आधी कडेला छोटा चावा घ्यायचा, वाफ जाऊ द्यायची, आतला रस ओढायचा, मग उरलेला. मांसाहारी मागवताना आत कोणतं मांस आहे ते स्पष्ट विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

३. सहलीला सिंगापूर आलंच तर

तिथे रस्त्यावरचे ठेले सरकारने छपराखाली आणले, त्यांना हॉकर सेंटर म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये या परंपरेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं, आपल्या एसटीतल्या रुमालासारखंच. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ते कायद्याने बंधनकारक आहे. भाजीच्या नूडल्स दिसल्या तरी चरबीचं विचारा, काही पदार्थ पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत परततात. शाकाहारी माणसाने लिटल इंडियातलं टेक्का सेंटर गाठावं, डोसा मिळतो.

४. नागपूरच्या थाई हॉटेलात

पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी टॉम याम सूपमधला एक पांढुरका काप तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. मग हळूच मला म्हणाले, “अद्रक काहून लाकडासारखं लागते बे?” ते गलांगल होतं, अद्रकाचं भाऊबंद. सूपमधला गलांगल, गवती चहाची काडी आणि लिंबाची जाड पानं ही फक्त वासासाठी असतात, खायची नसतात. कढीपत्ता काढून ठेवतो तशी ताटाच्या कडेला ठेवायची. गवती चहा तर आपल्या परसात असतोच, त्यामुळे वास ओळखीचाच निघतो.

करी तीन तऱ्हेच्या दिसतील. हिरवी हिरव्या मिरचीची, लाल सुक्या मिरचीची, आणि मसामन. घरातल्या ज्येष्ठांसाठी मी डोळे मिटून मसामन सांगतो: नारळाच्या दुधात आलू, फल्लीदाणे, दालचिनी, वेलची. आपल्या मसाल्याची नातेवाईकच वाटते. वेटरने ‘किती तिखट?’ विचारलं तर सावजीचा अभिमान पहिल्याच दिवशी दाखवू नका, मध्यम सांगा. थाई मिरची बारीक असते आणि उशिरा लागते.

शाकाहारींनी इथे ठेल्यापेक्षा जास्त सावध राहायचं. करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट आणि वरून माशाचा सॉस हा थाई स्वयंपाकाचा पायाच आहे. त्यामुळे ‘चिकन नको’ एवढं पुरत नाही. “वाटणात कोळंबी आहे का? फिश सॉस टाकता का?” हे दोन प्रश्न विचारा. वेटर अडखळला तर त्याला आत शेफकडे पाठवा. फल्लीची ॲलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगा.

चौघांना दोन सूप ‘वन बाय टू’, एक स्टार्टर, एक करी आणि भात, एक नूडल्स, एवढं पुरतं. सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं, प्रत्येकाने स्वतंत्र प्लेट मागवायची नाही. काड्यांची, म्हणजे चॉपस्टिकची, धास्ती घेऊ नका: थायलंडमध्ये भात उजव्या हातातल्या चमच्याने खातात, डाव्या हातातला काटा फक्त ढकलायला. चिनी-जपानी हॉटेलात काड्या वापरल्याच, तर त्या भातात उभ्या रोवू नका. तिकडे तसं मयताच्या भाताला करतात. सुशी (जपानी भाताचे घास, बहुधा कच्च्या माशाचे) पहिल्यांदा खाणार असाल तर काकडीच्या रोलने सुरुवात करा.

पाण्याची बाटली नको असेल तर ‘साधं पाणी’ म्हणा. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. फारच ताणलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर हॉटेलवाल्यासमोर मोबाइलवर काढला तरी काम होतं.

उरलेलं बांधून घेताना बाहेरच्या उन्हाचा विचार करा. आम्ही एकदा मे महिन्यात हिरवी करी आणि भात पिशवीत घेऊन साकोलीची एसटी पकडली. भंडाऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. लाखनी यायच्या आत नारळाच्या दुधाला असा वास सुटला की कंडक्टरने मागे वळून विचारलं, कोणाच्या पिशवीत काय आहे. पुढच्या थांब्यावर काका खाली उतरले, पिशवी टाकून आले, आणि आता बांधून घ्यायचं तर आम्ही फक्त कोरडे स्प्रिंग रोल घेतो.